जमिनीचा कागद

चीनमध्ये कम्युनिस्टांचं राज्य कसं आलं, ही गोष्ट आमच्या घरात शिरली ती एका सोलापूरकरामुळे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. आमचे आजोबा, म्हणजे अण्णा, सोलापूरच्या जुन्या गिरणीत कारकून होते. १९३०चा मार्शल लॉ त्यांनी पोरवयात पाहिला होता. त्यामुळे सरकारं उलथतात ही गोष्ट त्यांना पुस्तकातली वाटत नसे. कोटणीसांबद्दल ते भाऊबंदाबद्दल बोलावं तसं बोलत. “आपला द्वारकानाथ,” अशी सुरुवात व्हायची आणि आम्ही नातवंडं समजून जायचो की आता जेवणं लांबणार.

१९३८ साली काँग्रेसने जपानशी झुंजणाऱ्या चीनला पाच डॉक्टर पाठवले. पथकाचे प्रमुख अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. चौघं परतले. कोटणीस उत्तर चीनच्या डोंगरांत कम्युनिस्टांच्या आठव्या सेनेबरोबर राहिले, तिथल्या इस्पितळाचे प्रमुख झाले, क्वो छिंगलान हिच्याशी लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी अपस्माराच्या झटक्यांनी गेले. मूल तेव्हा चार महिन्यांचंही नव्हतं. अण्णांच्या गोष्टीत माओ स्वतः तिरडीला खांदा द्यायचा. प्रत्यक्षात माओ तेव्हा कम्युनिस्टांच्या मुख्य ठाण्यात, येनानला होता आणि त्याने पाठवला तो शोकसंदेश. अण्णांनी तो खांदा कुठून आणला कोण जाणे. पण आपल्या माणसाला खांदा देणारा माणूस वाईट कसा असेल, असं त्यांचं साधं राजकारण होतं.

१९४६ साली व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ आला. अण्णांनी तो किती वेळा पाहिला, याचा आकडा दर दिवाळीला वाढत असे. त्यांच्या लेखी सिनेमा संपला तिथे चीनचं दुःखही संपलं होतं. जपान हरला होता, डॉक्टरचं काम फळाला आलं होतं. पण त्याच वर्षाच्या उन्हाळ्यात तिकडे चिनी माणसं एकमेकांवर तुटून पडली होती. त्या युद्धाचं नाव अण्णांच्या गोष्टीत कधी आलं नाही. १९६२च्या भारत-चीन युद्धानंतर तर द्वारकानाथ आमच्या घरात नुसताच ‘डॉक्टर’ उरला. त्याच्यातून चीन वजा झाला.

पुढे मी यंत्रमागाच्या धंद्यात पडलो आणि सुट्या भागांच्या सौद्यांसाठी हपेई प्रांतातल्या शिजियाझुआंगला माझं जाणं होऊ लागलं. रेल्वेचा सांधा आणि सूतगिरण्या यांनी वाढवलेलं हे शहर सोलापूरकराला परकं वाटत नाही. तिथल्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत कोटणीसांची समाधी आहे. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून हेही तिथेच आहेत. माझ्यासाठी दुभाष्याचं काम करणारी तिथली मुलगी मला ती समाधी दाखवायला घेऊन गेली आणि तिथून परस्पर आपल्या आजीकडे जेवायला. आजी शहराच्या पश्चिमेकडच्या फिंगशान तालुक्यातल्या एका डोंगरी गावची. तेव्हा वय पंचाहत्तरीच्या पुढे, दात थोडे, आवाज खणखणीत. सोलापूरचा डॉक्टर तिला ठाऊक होता, पण तिला बोलायचं होतं ते त्याच्यानंतरचं. अण्णांची गोष्ट जिथे संपायची तिथे आजीची सुरू होत होती.

तिच्या आठवणीतली पहिली गोष्ट म्हणजे राळे. आपल्याकडे राळ्याचा भात करतात तेच राळे तिच्या गावचं मुख्य धान्य. आठव्या सेनेची माणसं घराघरातून राळे गोळा करायची आणि चिठ्ठी लिहून द्यायची. आजीच्या बापाला अक्षर येत नव्हतं, पण त्या चिठ्ठ्या त्याने गाडग्यात जपून ठेवल्या होत्या. सैनिक मुक्कामाला असले की अंगण झाडत, पाणी भरत. मी म्हटलं, “म्हणजे चांगली माणसं होती.” आजीने मान हलवली. जपान्यांनी गाव जाळलं तेव्हा ही माणसं आमच्याबरोबर डोंगरात लपली होती, म्हणाली. सरकार कुठे होतं ते आम्हाला माहीत नव्हतं.

सरकार चुंगकिंगला होतं. च्यांग काई-शेकचं कुओमिंतांग सरकार जपानशी लढलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. मोठ्या लढाया त्यानेच लढल्या, सर्वांत जास्त सैनिक त्याचेच पडले. पण लढता लढता ते आतून पोखरलं गेलं. १९४२-४३ साली हनान प्रांतात दुष्काळ पडला, वीस ते तीस लाख माणसं मेली आणि तरीही सैन्यासाठी धान्याची वसुली चालूच राहिली. १९४४ साली जपानने तिथे चढाई केली तेव्हा त्याच प्रांतातल्या शेतकऱ्यांनी माघार घेणाऱ्या आपल्याच सैनिकांची शस्त्रं काढून घेतली. एकीकडे चिठ्ठी देऊन घेतलेलं राळे आणि दुसरीकडे दुष्काळातली वसुली. पुढे जे झालं त्याचा पाया इथे पडला.

ऑगस्ट १९४५मध्ये जपान शरण आला. माओ विमानाने चुंगकिंगला गेला, च्यांगबरोबर प्याले उंचावले गेले, १० ऑक्टोबरला करार झाला. अमेरिकेने जनरल मार्शलला मध्यस्थ म्हणून पाठवलं. पण दोन्ही बाजूंचं लक्ष होतं मांचुरियाकडे. तिथे सोव्हिएत सैन्य उतरलं होतं आणि जपान्यांच्या शस्त्रांचे साठे पडले होते. कम्युनिस्ट तिकडे पायी धावले, कुओमिंतांगचं सैन्य अमेरिकन विमानांनी आणि जहाजांनी गेलं. १९४६च्या जून-जुलैत उघड युद्ध पेटलं तेव्हा च्यांगकडे सुमारे ४३ लाख सैन्य होतं, कम्युनिस्टांकडे जेमतेम १३ लाख. मार्च १९४७मध्ये तर येनानही पडलं. कुणीही पैज लावली असती तर च्यांगवरच लावली असती.

याच सुमारास आजीच्या गावात सभा सुरू झाल्या. १० ऑक्टोबर १९४७ रोजी कम्युनिस्ट पक्षाने जमिनीचा कायदा जाहीर केला. जमीनदारी रद्द, जमीन माणशी समान वाटायची. बाई असो, पुरुष असो, पोर असो की म्हातारा. त्या कायद्याचा मसुदा जिथे झाला ते शीपाइपो गाव आजीच्याच तालुक्यातलं. तिच्या घरातल्या प्रत्येक तोंडामागे जमीन आली, तिच्या स्वतःच्या नावेही. अकरा वर्षांच्या मुलीचं नाव कागदावर! चार घरांत मिळून एक गाढव आलं, म्हणजे माणशी नव्हे, घरटी एक पाय. एक रजई आली, जमीनदाराच्या घरातली. ती रजई आईने पहिल्या रात्री कुणाला पांघरू दिली नाही, घडी घालून नुसती मधे ठेवली, हे सांगताना आजी खळखळून हसली.

त्या रजईच्या मालकाचं काय झालं, हे मी विचारलं. नातीने भाषांतर करायला जरा वेळ घेतला. आजीने मात्र सरळ सांगितलं. त्याच्याकडे एक बैल होता, एक गडी होता, घराला कौलं होती. तेवढ्यावर तो जमीनदार ठरला. सभेत त्याला मधे उभं केलं. एकेकाने पुढे येऊन आपलं दुःख मांडायचं, अशी पद्धत होती. तिच्या काकाने मांडलं. मग लोकांनी त्याला मारलं. थंडी सरायच्या आत तो मेला. “माझ्या बापाने मारलं नाही,” आजी म्हणाली, “पण रजई घेतली.” जानेवारी १९४८मध्ये रन बीशी या बड्या नेत्याने स्वतःच या अतिरेकांवर टीका केली. मध्यम शेतकऱ्यांना जमीनदार ठरवू नका, सरसकट मारहाण नको, असं बजावलं. तोवर गावोगाव माणसं मेली होती, आणि १९४९नंतर उर्वरित देशात जमीनवाटप झालं तेव्हा हा आकडा लाखांत गेला. ही हिंसा चुकून घडली असं मला वाटत नाही. ज्याने सभेत हात उगारला, त्याला जुना मालक परत येणं परवडणारं नव्हतं. जमिनीचा कागद आणि मालकाची भीती ही दोन्ही एकाच दिवशी घरात आली, आणि दोन्हींनी त्या माणसाला नव्या सैन्याशी बांधून टाकलं.

नोव्हेंबर १९४७मध्ये शिजियाझुआंगची लढाई झाली. शहराला तेव्हा शिमन म्हणत. त्याला दगडी तट नव्हता, पण भोवती खोल खंदक होते आणि बुरुजांसारखी काँक्रीटची मोर्चाठाणी. ६ तारखेला हल्ला सुरू झाला, १२ तारखेला शहर पडलं. कम्युनिस्टांनी लढून घेतलेलं हे पहिलं मोठं शहर. आजीच्या घराचं दार त्या लढाईसाठी गेलं. खंदकावर टाकायला, जखमींना उचलायला गावोगावची दारं काढून नेली होती. बाप स्ट्रेचर वाहायला गेला. आई आणि गावातल्या बाया रात्र रात्र कापडी जोड्यांचे तळवे शिवत होत्या, घरटी जोड्या ठरवून दिलेल्या. बाप परत आला, दार आलं नाही. तो हिवाळा त्यांनी दाराला चटई लावून काढला.

शहर जिंकणं वेगळं, चालवणं वेगळं. डोंगरातल्या या माणसांनी नळ, वीज, गिरणी, बँक हे सगळं शिजियाझुआंगमध्ये हाताळून पाहिलं. १ डिसेंबर १९४८ रोजी चीनची जनता बँक इथेच सुरू झाली. आज जगभर ज्याची चर्चा होते ते चलन, रन्मिन्बी, प्रथम या शहरात वाटलं गेलं. त्याच वर्षी तिकडे च्यांगच्या सरकारने १९ ऑगस्टला ‘सुवर्ण युआन’ काढला होता. युद्धाचा खर्च भागवायला जुन्या नोटा इतक्या छापल्या होत्या की ३० लाख जुन्या युआनना एक नवा, असा दर ठेवावा लागला. घरातलं सोनं, चांदी, डॉलर सरकारजमा करा, असा हुकूम निघाला. च्यांगचा मुलगा शांघायमध्ये साठेबाजांमागे लागला. मध्यमवर्गीयांनी निमूटपणे सोनं दिलं. दोन-अडीच महिन्यांत भावांवरचं नियंत्रण कोसळलं आणि नव्या नोटाही रद्दीच्या भावाला गेल्या. ज्या वर्गाने कम्युनिस्टांना शेवटपर्यंत विरोध केला असता, त्याच वर्गाचा विश्वास सरकारने स्वतःच्या हाताने संपवला.

दुसऱ्या बाजूची गोष्ट मला तैपेईत ऐकायला मिळाली. आमच्या एका सूत-दलालाचे वडील शांतुंग प्रांतातले, कुओमिंतांगचे जुने सैनिक. त्यांना भरती केलं नव्हतं, धरलं होतं. बाजारात भाजी घ्यायला गेले असता दोरीने बांधून नेलं. आठवड्याभरात बंदूक हाती आली, पगार मात्र क्वचितच. त्यांच्या तुकडीत कागदावर जितकी माणसं होती तितकी कवायतीला कधीच नव्हती. मेलेल्यांची आणि पळालेल्यांची नावं चालू ठेवून वरचे त्यांचा पगार खात. “आमच्यात भुतं फार,” म्हातारबाबा मिशीत हसले. जून १९४९मध्ये छिंगताव बंदरातून सैन्य हलवलं तेव्हा ते जहाजात चढले. आईला निरोपही देता आला नाही.

त्यांचा थोरला भाऊही धरूनच नेलेला. तो शूजौच्या आसपास लढत होता. नोव्हेंबर १९४८ ते जानेवारी १९४९ या काळातली ती हुआय-हाय मोहीम. वेढ्यात अडकलेल्या कुओमिंतांगच्या सैनिकांनी बर्फात घोडे कापून खाल्ले, आणि समोरून कर्ण्यांवरून जेवायला या म्हणून हाका येत होत्या. भाऊ गेला. जेवला. टोपीवरचं चिन्ह बदललं आणि त्याच बंदुकीने दुसऱ्या बाजूने लढू लागला. असे हजारो होते. च्यांगचं सुमारे साडेपाच लाख सैन्य त्या एका मोहिमेत संपलं, त्यातले बरेचसे मेले नाहीत, वळले. आणि मागे होते ढकलगाड्या ओढणारे शेतकरी. चिनी नोंदींप्रमाणे त्या मोहिमेत ५४ लाखांवर गावकऱ्यांनी धान्य, दारूगोळा आणि जखमी वाहून नेले. च्यांगकडे रणगाडे होते, विमानं होती. पण त्याच्यासाठी स्वतःहून गाडी ढकलत जाणारा शेतकरी नव्हता.

विजयाचा हा इतिहास सांगताना चीनमध्ये एक शहर पटकन ओलांडतात, ते म्हणजे मांचुरियातलं छांगछुन. १९४८च्या मे ते ऑक्टोबर कम्युनिस्ट सेनापती लिन प्याओच्या सैन्याने त्याला वेढा घातला. अन्न आत जाऊ दिलं नाही आणि उपाशी नागरिकांना सरसकट बाहेरही येऊ दिलं नाही. दोन्ही सैन्यांच्या मधल्या पट्ट्यात माणसं गवत खाऊन मेली. किमान लाखभर नागरिक गेले. राळ्याची चिठ्ठी देणारं सैन्य आणि हे सैन्य एकच होतं. आजीला छांगछुन माहीत नव्हतं. म्हातारबाबांना फक्त तेच माहीत होतं. दोघंही खरं सांगत होते.

जानेवारी १९४९मध्ये च्यांगचा पेकिंगमधला सेनापती फू त्सो-यी याने शहर न लढता दिलं. त्याची स्वतःची मुलगी भूमिगत कम्युनिस्ट होती आणि बापाच्या मनातलं तिकडे कळवत होती. २३ मार्चला माओ शीपाइपोहून पेकिंगकडे निघाला. जाताना तो सहकाऱ्यांना म्हणाला की आपण राजधानीत परीक्षेला चाललो आहोत, आपला ली त्झू-छेंग होता कामा नये. हा ली १६४४ साली शेतकऱ्यांची फौज घेऊन पेकिंगमध्ये शिरला होता. मिंग बादशहाने गळफास घेतला, लीच्या सरदारांनी लुटालूट केली, आणि दीडेक महिन्यात मांचूंनी त्याला हाकललं. एप्रिलमध्ये यांगत्से नदी ओलांडली गेली, नानकिंग पडलं, मेअखेर शांघाय. तिथल्या लोकांनी सकाळी दारं उघडली तर विजयी सैनिक फूटपाथवर झोपलेले. घरात शिरायची त्यांना मनाई होती. १ ऑक्टोबर १९४९ रोजी माओने जनता प्रजासत्ताकाची घोषणा केली. १० डिसेंबरला च्यांग छंगतूहून तैवानला उडाला आणि ३० डिसेंबरला भारताने नव्या सरकारला मान्यता दिली. अण्णांनी ती बातमी वाचून गिरणीत पेढे वाटले, असं आमची आजी सांगत असे.

चीनमधली पाठ्यपुस्तकं आणि आपल्याकडचे जुने कॉम्रेड इथे गोष्ट थांबवत. मीही थांबलो असतो, पण शिजियाझुआंगच्या आजीने थांबू दिलं नाही. मी विचारलं, “तो जमिनीचा कागद अजून आहे का?” ती म्हणाली, “कशाला ठेवायचा?” १९५५ साली माओने सहकारी शेतीचा वेग वाढवला. १९५६ संपेपर्यंत देशातली बहुतेक शेतकरी कुटुंबं सहकारी संस्थांत ओढली गेली होती. बांध मोडले, गाढवाचे चारही पाय संस्थेचे झाले. १९५८मध्ये कम्यून आले, घरच्या चुली बंद झाल्या, आणि पुढच्या तीन वर्षांच्या दुष्काळात दीड ते साडेचार कोटी माणसं मेली, अशी अभ्यासकांची अनुमानं आहेत. आजीच्या बापाने जपान्यांचं जाळणं सोसलं होतं, लढाईत स्ट्रेचर वाहिलं होतं. तो १९६० साली गेला. कशाने, ते तिने सांगितलं नाही, आणि नातीने मला विचारू दिलं नाही. त्याच सुमारास धरणासाठी मूळ शीपाइपो पाण्याखाली गेलं. पर्यटकांना दाखवतात त्या माओच्या खोल्या नंतर वरच्या अंगाला बांधलेल्या आहेत.

तैपेईच्या म्हातारबाबांना १९८७च्या अखेरीस गावी जायची परवानगी मिळाली. आई केव्हाच गेली होती. टोपीवरचं चिन्ह बदललेला भाऊ कोरियाच्या युद्धात अमेरिकनांशी लढताना पडला होता. तो हुतात्मा ठरला, पण धाकटा भाऊ तैवानला म्हणून घरावर ठपका राहिला. एकाच आईची दोन पोरं, दोघांनाही दोरी बांधून नेलेलं. यात कोण क्रांतिकारक आणि कोण प्रतिगामी?

या सगळ्यांतून माझ्यापुरता निष्कर्ष असा. १९४९चा निकाल बंदुकांनी लागला तितकाच दोन कागदांनी लागला. एक कागद सरकारी नोटेचा, तो कुणी हातात घेईना. दुसरा जमिनीचा, त्याच्यासाठी शेतकऱ्याने घराचं दार काढून दिलं. कम्युनिस्ट जिंकले कारण त्यांनी हा दुसरा कागद खरोखर वाटला. आणि जिंकल्यावर सातेक वर्षांत तो परत घेतला. पहिलं वाक्य सांगून दुसरं न सांगणारा भक्त असतो, दुसरं सांगून पहिलं गाळणाराही इतिहास सांगत नसतो.

घरातली म्हातारी माणसं युद्धाच्या, चळवळीच्या, सत्याग्रहाच्या गोष्टी सांगतात तेव्हा त्या ऐकाव्यात, त्यातल्या खांद्यांसकट आणि पेढ्यांसकट. फक्त एक करावं. त्यांनी गोष्ट संपवली की तारीख विचारावी, आणि मग त्यानंतरच्या दहा वर्षांत काय झालं, हेही विचारावं.